कागदावरची सहा बटणं

माझी वहिनी फिजिओथेरपीच्या कॉलेजात शिकवायची आणि दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी कॉलेजच्या सभागृहात फुकट वर्ग घ्यायची. पेशंटसाठी नव्हे, त्यांच्या घरच्यांसाठी. पक्षाघाताच्या माणसाला बिछान्यातून कसं उठवायचं, काठी कुठल्या हातात द्यायची, असं सगळं ती करून दाखवायची. तिचा लाडका नियम मात्र एकच होता: हात पुढे करण्याआधी मनात साठ मोजा. माणूस धडपडतोय ना, मग धडपडू दे. तुमच्या मायेनं त्याचा हात कायमचा जाईल, असं ती तोंडावर सांगायची.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणायची वहिनीनं सोयच ठेवली नव्हती. दादाला, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला झटका आला, उजवा हात गेला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, तेव्हा ते सगळं ब्रह्मज्ञान घरात आलं.

मी शिवणकाम करते. लग्न केलं नाही, दादाच्याच घरात राहिले. जिभेला धार म्हणून दादानं मला टाचणी नाव ठेवलं, ते सगळ्यांनी उचललं. दादाच्या शर्टांना टिचबटणं लावून देते म्हणाले, तर वहिनी नको म्हणाली. डाव्या हातानं साधंच बटण लावता आलं पाहिजे. मग मी काजं जरा सैल करून दिली. तेवढ्याकडे तिनं काणाडोळा केला.

तिनं फ्रिजवर एक कागद चिकटवला. शर्टाला सहा बटणं. त्यातली दादानं स्वतः किती लावली तो आकडा रोज सकाळी लिहायचा. वहिनी आठला कॉलेजात जायची आणि दादाची आंघोळ नऊला व्हायची, त्यामुळे लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

दादा खालची दोन लावायचा. त्यालाच वीस मिनिटं लागायची. तिसऱ्याला त्याची बोटं काजाभोवती नुसती फिरत राहायची आणि तो माझ्याकडे बघायचा. मी मोजायला सुरुवात करायचे. वीसच्या पुढे काही कधी गेले नाही. उरलेली चार बटणं भराभर लावून मी कागदावर सहा लिहायचे. दादा अर्ध्या तोंडानं हसायचा. लहानपणापासून आमची अशीच मिलीभगत होती.

रविवारी वहिनी घरी असायची, स्वतः समोर खुर्ची टाकून बसायची. तिच्यासमोर दोनच लागायची. एकदा ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या पाठीमागे उभी राहिली.

"तुझ्यासमोर सहा आणि माझ्यासमोर दोन," ती म्हणाली. "राग आहे ना गं त्यांचा माझ्यावर?"

मी कप विसळत होते. "असेल," मी म्हणाले.

शेवटच्या रविवारी दादानं एकच बटण लावलं आणि हात मांडीवर ठेवून दिला. वहिनीनं साठ मोजले. पुन्हा साठ मोजले. कागदावर आदल्या दिवशीचे सहा होते. नाटक पुरे, दहा मिनिटांनी येते, तोवर लावा, असं सांगून ती शेजारच्या खोलीत पेपर तपासायला गेली. मी दुसऱ्या खोलीत मशीनवर होते, मला सगळं ऐकू आलं. मी उठले नाही. रविवारी उठले असते तर बिंग फुटलं असतं.

दहा मिनिटांनी दादा खुर्चीत एका अंगावर कलंडलेला सापडला. झटक्याच्या तीन खुणा वहिनी वर्गात लोकांकडून घोकून घ्यायची: वाकडं तोंड, लुळा हात, अडखळतं बोलणं. दादाच्या अंगावर तिन्ही वर्षभर होत्याच. नवा झटका आलाय हे सांगू शकणारा तो कागद तेवढा होता, आणि त्यावर माझे सहा होते.

तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलात दादा गेला. मला रडू आलं नाही. काहीच आलं नाही. घरी येऊन मी कुणाच्या तरी पँटची उंची कमी करत बसले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला एवढंच सांगितलं, की ती समोर बसून मोजत होती. आवाज चढवला नाही, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. ते वहिनीच्या कानावर गेलं असणारच. कागद फ्रिजवर तसाच राहिला. तिनं काढला नाही, मीही काढला नाही.

दोन महिने शनिवारचा वर्ग बंद होता. विभागप्रमुखांचा फोन आला, लोक विचारतात म्हणाले. वहिनीनं सांगितलं, एकदा येते, तो नियम मागे घेते आणि वर्ग सोडते. फोन ठेवून तिनं मला विचारलं, येशील का सोबत, लोकांना दाखवायला दादाचा शर्ट घेऊन. मी हो म्हणाले. मनात होतं, बघू तरी कुठल्या तोंडानं उभी राहते.

सभागृहात पन्नासेक माणसं होती. वहिनीनं फळ्यावर मोठा ६ काढला आणि सगळं सांगितलं, आवाज हलू न देता. ते सहा बटणं लावायचे, त्या दिवशी एकावर थांबले, मी मोजत बसले. दहा वर्षं तुम्हाला चुकीचं शिकवलं. आता कुणी मोजू नका.

पहिल्या रांगेत एक रिटायर झालेला बसड्रायव्हर होता, दर वेळी यायचा. तो उठून म्हणाला, की मोजून मोजूनच माझी बायको चमचा धरायला लागली, नियम कसा मागे घेता? आणि कागदाचं काय घेऊन बसलात मॅडम, घरचे थोडं इकडंतिकडं करतातच. लोक हसले.

"माझ्या घरचा कागद खरा होता," वहिनी म्हणाली. "माझ्या नणंदेनं रोज लिहिलाय. ती तिथं बसलीय. चूक माझी झाली."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. बघण्यात आदर होता. मी उभी राहिले. शर्ट हातात होता. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. ड्रायव्हर मला मदत करायला लागला, बोला ताई, तुम्हाला असं म्हणायचंय का की...

वहिनीनं हात वर करून त्याला थांबवलं. "बोलू दे तिला."

तिचे ओठ हलत होते. मागे घेतलेला नियम ती माझ्यासाठी पाळत होती. मोजणी चाळिसाच्या पुढे गेली असेल.

"दोन," मी म्हणाले. "दादा दोनच लावायचा. बाकीची चार मी लावत होते."

वहिनीनं फळ्यावरचा ६ तळहातानं पुसला आणि तिथं २ लिहिला. खडू खाली ठेवला नाही, आमच्याकडे तोंडही केलं नाही. तशीच पाठमोरी उभी राहिली.

मी तिच्याजवळ गेले नाही. जागेवरच उभी राहून साठ मोजले. मग पुन्हा साठ.