एका बायकोचा नवरा

"थांब. मधली ओळ कुठं गेली?"

"कोणती ओळ? मधी काहीच न्हाई."

"हाये. काल पुजानं मोबाइलवर ऐकवलं मला. याकोबाचं लेआवर मन न्हाई, हे देवानं पाहिलं अन् तिची कूस उघडली. राहेल मातर वांझच राहिली. तू कूस गिळलीस व्हय, आक्का?"

"डोळे दुखून राहिले माझे."

"अधू डोळे माझे हाईत. तुझं पोट दुखून राहिलं."

भिकाबाईनं बायबल फटकन मिटलं. हळदीची पिवळी बोटं कव्हरावर उमटली. समोर तिची सवत पारुबाई वाळलेली हळद निवडत होती. एकेक हळकुंड नाकाशी धरायची, चाचपायची; गोल गट्टू एका सुपात, लांब कांड्या दुसऱ्यात.

कळमनुरीकडच्या त्या तांड्यात भिकाबाईच्या रूपाचा एके काळी बोलबाला होता. लग्नाला सात वर्षं झाली, पाळणा हलला नाही, तेव्हा नवऱ्यासाठी दुसरी बायको तिनंच शोधली. पाच पोरी पाहिल्या. एक गोरी म्हणून नको, एक लई हसते म्हणून नको, दोघींचे केस लांब म्हणून नको. पाचवी पारू. बुटकी, डोळ्यांनी अधू. हिच्याकडं कोण दुसऱ्यांदा बघतंय?

रामसिंगनं तीनदा बघितलं. पुजा, रणजीत, निलम.

पोरं भिकाबाईला 'मोठी याडी', म्हणजे मोठी आई, म्हणत, पण पडलं-झडलं की रडत धाकटीकडं जात. ते एक वेळ चाललं असतं. तांड्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, पारुबाई 'पुजाचे बापू' अशी हाक मारायची, तेवढं भिकाबाईला सोसायचं नाही. तिचं सगळं 'अवो'वर भागलं. तीस वर्षं.

तांड्यात प्रार्थना सुरू झाली, तशी चौथी शिकलेली भिकाबाई वाचणारी ठरली. रोज दुपारी ती सवतीला वाचून दाखवी. त्यात याकोबाच्या दोघी बायका, लेआ आणि राहेल, सापडल्या आणि तिनं मनाशी ठरवून टाकलं, राहेल म्हणजे आपण. देखणी. आवडती. लेआचे डोळे अधू होते, हे तर तिनं दोनदा वाचून दाखवलं होतं.

आता रामसिंगला मंडळीचा वडील, म्हणजे तांड्यातल्या ख्रिस्ती लोकांचा पुढारी, व्हायचं होतं. प्रार्थना घ्यायला हिंगोलीहून येणारे पाळक उत्तमराव सरळ म्हणाले, "रामसिंगभाऊ, अब्राहामाच्या घरात दोघी होत्या, याकोबाच्या घरात दासी धरून चौघी. झालं ते लिहिलंय, पण त्या घरांत सुख कुठं होतं? वडील होणारा एका बायकोचा नवरा पाहिजे. तुम्हाला ते जमणार नाही, आणि त्यासाठी एकीला टाकाल तर ते दुसरं पाप."

रामसिंगनं घरी येऊन आपला रस्ता काढला. "टाकायचं न्हाई म्हणले. पाठवायचं न्हाई, असं कुठं म्हणले? एक इथं राहील, एक पुजाकडं हिंगोलीला."

कोणती, हे तो बोलला नव्हता. आज सकाळपासून तो उत्तमरावांना भेटायला गेला होता, आणि दोघी हळद निवडत होत्या.

"देवानं एक आदम केला, एक हव्वा," भिकाबाई म्हणाली. "पहिली तीच बायको."

"मंग हव्वानं आदमासाठी दुसरी शोधून आणली व्हती का? तू आणलंस मला. अठराची व्हते मी. माझ्या बापाला इचारलंस, मला इचारलंस का?"

दारात चपला वाजल्या. रामसिंग आत आला, माठातलं पाणी प्याला, तोंड पुसलं.

"ते अजून न्हाईच म्हणतेत. पण मी ठरवलं. पारू जाईल पुजाकडं. भिका राहील."

भिकाबाईनं तीस वर्षं ज्याची वाट पाहिली, ते असं माठापाशी उभ्या-उभ्या मिळालं. तिनं सवतीकडं पाहिलं. पारुबाई रडली नाही.

"काहून, पुजाचे बापू?" तिनं विचारलं.

"तुझं तीन लेकरांचं गोत हाये. कोणाच्याबी दारात तुला भाकर हाये. हिला कोण हाये? कुठं जाईल ही?"

पारुबाईनं मान खाली घातली. ओठ दाबून धरले, तरी कडेनं हसू निसटलंच. भिकाबाईला ते दिसलं. तिचे डोळे चांगले होते.

"रामसिंग."

पारुबाईच्या हातून हळकुंड खाली पडलं. रामसिंग दचकून वळला. बायकोच्या तोंडून स्वतःचं नाव त्यानं कधी ऐकलं नव्हतं.

"रामसिंग, मलाबी तीन लेकरं असती, तर मंग कोणाला ठेवलं असतंस?"

त्यानं तिच्याकडं पाहिलं, पारुबाईकडं पाहिलं, पायांनीच चपला चाचपल्या आणि हळदीच्या शेताकडं निघून गेला.