फटी पडलेलं चर्च आणि गाडीचं चाक

गुड फ्रायडेची दुपार, केळापूरकडचं आमचं गाव... आणि चर्चमध्ये बंदुकीचा बार उडाला! प्रार्थना सोडून सगळे बाहेर पळाले. मीपण पळाले, डोक्यावरचा पदर कुठे गेला कळलंसुद्धा नाही.

बार-बिर काही नव्हता. भिंतीतली लाकडी खुंटी ताडकन मोडली होती आणि सागाच्या फळ्या एकमेकींपासून सुटल्या होत्या. बोट जाईल एवढ्या फटी... आणि हे चर्च माझ्या सासऱ्यांनी बांधलेलं!

साठ-बासष्ट सालची गोष्ट. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. सासरे सुतार, पंचक्रोशीतल्या बैलगाड्या त्यांच्याच हातच्या. त्यांना मी मामाजी म्हणायची, तेही मनातल्या मनात... सुनेनं सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नाही, अशी रीत.

पाद्रीसाहेब लांबच्या कुठल्याशा बेटावरचे. त्यांच्याकडे तिथल्या लाकडी चर्चचा फोटो होता. होड्या बांधणाऱ्या सुतारांनी बांधलेलं, छत पालथ्या होडीसारखं, अख्ख्या चर्चमध्ये एक खिळा नाही. पाद्रीसाहेबांना तसंच हवं, आणि नाताळच्या आत हवं.

मामाजींनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, तरी हो म्हणाले. घाईत ओला साग वापरला, तीच चूक झाली; ऊन तापताच तो आटला. आमचा उन्हाळा त्या फोटोत कुठे होता!

पाद्रीसाहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. ईस्टर झाला की हे पाडू, विटांचं बांधू, एवढंच म्हणाले आणि दुसऱ्या गावच्या प्रार्थनेला निघून गेले.

मामाजी घरी येऊन ओसरीवर बसले. जेवले नाहीत. 'माह्या हातचं काम लोक पाडतीन आता,' एवढंच बोलले... मला चुलीपुढे रडूच फुटलं.

शनिवारी सकाळी नाल्यावर धुणं घेऊन गेले. तिथे नेहमीसारखी गाड्यांची चाकं पाण्यात पडलेली. उन्हानं लाकूड आटलं की चाकावरची लोखंडी धाव ढिली होते, मग चाक पाण्यात टाकतात, लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. मी धुणं तिथेच टाकलं आणि घरी पळत सुटले.

"मामाजी, चाकाले पानी पाजता, मंग चर्चाले काहून नाही?"

सासूबाईंच्या हातातलं लाटणंच पडलं. मी स्वतःच हादरले... आता माहेरी धाडतात बहुतेक! मामाजी उठले, नव्या खुंट्या घेतल्या आणि म्हणाले, "बादल्या काढा."

तासाभरात अख्खं गाव आलं, जवळच्या बंजारा तांड्यावरच्या बायासुद्धा. दिवसभर, मग रात्रभर भिंतींवर पाणी ओतलं. हात सोलून निघाले.

ईस्टरच्या सकाळी पाद्रीसाहेब परतले, तर आम्ही अजून ओततच होतो. हे काय चालवलंय म्हणून केवढ्यानं ओरडले... मामाजींनी त्यांचा हात धरला आणि फळ्यांवर ठेवला. बोट जात होतं तिथे आता नखही जाईना.

"माझे वडील सुकलेली होडी अशीच पाण्यात बुडवून ठेवायचे," पाद्रीसाहेब म्हणाले. "मी विसरलो कसा?" आणि एवढा मोठा माणूस हमसून हमसून रडला.

"दोन उन्हाळे असंच पानी पाजा लागते साहेब," मामाजी म्हणाले. "मंग लाकूड आपल्या जागी बसते."

चर्च वाचलं. घरी मला कोणी शाबासकी दिली नाही. पण पुढच्या वर्षी ऊन तापलं आणि मामाजींनी अंगणातून पहिल्यांदाच मला हाक मारली... "सूनबाई, बादली घे वं. चर्चाले तहान लागली."

त्या दिवसानंतर त्या घरात मी कधी गप्प बसले नाही.