शेवंताबाईचा ट्रॅक्टर आणि माझी पाटी

आता हे तुम्हाले सांगावं का नाई, याच विचारात हाय मी! हसान तुम्ही. चहा संपवा पहिले, नाई तं ठसका लागंल.

आमच्या सावली गावात माझं मोटार वायंडिंगचं दुकान हाय. वर पाटी, 'सलीमभाऊ, भरवशाचे मिस्त्री'. पाटी ध्यानात ठेवा बरं!

आमच्या शेवंताबाईची रोपवाटिका हाय. बाईचा नवरा पांडूभाऊ, माझा जिगरी दोस्त. तो एका बाहेरदेशच्या साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. साहेबानं जाताना आपला बगीच्याचा लहानसा ट्रॅक्टर त्याले देऊन टाकला. बॅटरीवर चालणारा! माझ्या लग्नाच्याही आधीचा. मागं ट्रॉली लावून पांडूभाऊ त्यावरच रोपायले पाणी न्यायचा.

पांडूभाऊ वारला. गाडी वर्षभर उभी. उन्हाळा लागला, रोपं वाळून राह्यली, तं बाईनं मले बोलावलं.

"सलीमभाऊ, हे चालू झाली तं रोपं वाचतीन. नाई झाली तं भंगारात जाईन. दुसरा इलाज नाई."

सीटवर पांडूभाऊचा दुपट्टा घडी करून ठेवला होता. आता त्याच्या जागेवर मी बसू? बसते का कोणी असं? बाजूले उभं राहूनच चावी फिरवली, चालवायची दांडी पुढं केली. ढिम्म!

नव्या बॅटऱ्या टाकल्या. ढिम्म! मंग कंट्रोलचा डबा खोलला आणि काय सांगू, पाहातच राह्यलो! तांब्याचे पॉइंट घासलेल्या भांड्यासारखे लखलखीत. एक तार सैल नाई, एक स्क्रू गंजला नाई. आजकालचे कंट्रोल एका पावसाळ्यात मान टाकतात. ज्यानं हे बनवलं त्याचे हात चुमावं वाटले.

दोन तारा सीटखाली जात होत्या. म्या म्हटलं, साहेब थंड देशातला, बूड गरम करायची सोय असंल! आपल्या चंद्रपूरच्या उन्हात कोणाले पायजे ते? तिकडं पाह्यलंच नाई.

तीन दिवस! खोलला, पुसला, लावला. पुन्हा खोलला. चौथ्या दिवशी चारचौघांत निकाल देऊन मोकळा.

"बाई, कंट्रोल गेला. जुन्या मालाचा भरोसा नसते."

"पण आमचे हे तं म्हणत, त्या डब्याले कधी पाना लागला नाई."

"मिस्त्री कोण? तुम्ही का मी?"

बाईनं भंगारवाल्याले निरोप धाडला. दुपारी भंगारवाला आला, गाडीले दोरी बांधली. बाईचे डोळे भरले.

"थांबा भाऊ. एकडाव बसू द्या मले त्यायच्या जागी."

दुपट्टा उचलून खांद्यावर घेतला अन् बसली. पांडूभाऊ करायचा तशीच चावी फिरवली, दांडी पुढं ढकलली.

खट्! आणि गाडी निघाली की हो!

भंगारवाला दोरी धरून मागंमागं पळते. माझी उभी स्कूटर आडवी झाली. बाई सरळ वांग्याच्या वाफ्याकडं!

"सलीमभाऊ, थांबवा हिले!"

"उतरा बाई, उतरा!"

बाई घाबरून उभी राह्यली, अन् गाडी जागच्या जागी गप. बाई बसली, दांडी मागं घेऊन पुढं केली. चालली! उठली, थांबली.

सीटखाली बटन होतं, बटन! चालवणारा जागेवर नसंल तं गाडी हलणारच नाई, अशी सोय. इतक्या वर्सांत ते बटनही एकदा चुकलं नव्हतं. तीन दिवस ते बिचारं मले सांगून राह्यलं होतं, पहिले बस बाबा! लाज वाटली, आणि खरं सांगतो, त्या गाडीले मनातून सलाम केला.

बाई हसून राह्यली होती अन् डोळेही पुसून राह्यली होती. "अहो, तीन दिवस काऊन नाई बसले तुम्ही?"

"पांडूभाऊची जागा ना बाई…"

"ते असते तं कान धरून बसवलं असतं तुम्हाले!"

रोपं वाचली. भंगारवाला माझी स्कूटर पाहून म्हणे, "हे तरी देता का?"

आता कंट्रोलच्या त्या डब्यावर बाईनं पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं हाय, 'सलीमभाऊने हात लावू नये'. पेंटर तोच, ज्यानं माझी पाटी रंगवली. माझ्या पाटीवरचं 'भरवशाचे' कधीचंच उडालं. बाईच्या डब्यावरचं एकही अक्षर निघायचं नाव घेत नाई!