शेवटी बसायचा मान

"हात ढिल्ला सोड गं. हात तुजा न्हाई आता, माजा हाय," असं म्हणत खाला आपला पंजा घट्ट धरायची, अंगठ्याचं बूड दोन बोटांनी मळायची, आणि आपण तोंड वेडंवाकडं करायच्या आत काकण मनगटावर गेलेलं असायचं. तुमच्याही गावात बांगड्या भरणारी अशी एखादी असेलच. ही आमच्या ताडकळसची मनियारीण. सगळ्या गावाची ती खाला.

तिला एक वेड होतं. स्वतःचं काहीही अडलेलं असो, आधी दुसऱ्याचं. बाजारात तिच्या शेजारी एक नवी बांगडीवाली बसायला लागली, तर खाला आपलीच गिऱ्हाइकं तिकडे पिटाळायची. "जा, आदी तिची भवानी होऊ द्या. आमी कुटं पळून जायलोत?"

आई म्हणायची, "ही बाई धंदा करायलीय का धर्मशाळा चालवायलीय?"

रमजानात तर विचारूच नका. रोजा सोडायच्या वेळी खजुरांची ताटली तिच्या हाती पडली की आळीभर फिरून रिकामीच परत यायची, आणि खाला पाण्याच्या घोटावर रोजा सोडायची. खालू, म्हणजे तिचे मालक, वैतागायचे. "हिच्या हाती खजूर देऊ नका रे. शेजारी बसलेला मीच हिला दिसत न्हाई!"

एकदा मी विचारलं, "खाला, असं करायला कुणी सांगितलंय?"

"आमच्यात त्याला ईसार म्हणतेत. आपल्याला पायजे असलेलं दुसऱ्याला द्यायचं. उरलंसुरलं तर कुणीबी देतंय. ते देणं न्हाई, ते खरकटं काढणं झालं."

मग माझं लग्न ठरलं. वालूरचं स्थळ. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती, पण परभणीहून आमच्याकडे माल यायचा तो अजून बैलगाडीनंच. माझा गोरज मुहूर्त, आणि त्याच दिवशी दुपारी खालाच्या लेकीचा निकाह. आम्हा दोघींचे हात लहानखुरे, एकाच मापाचे. ते माप सहजी मिळत नसे. खालानं फार आधीपासून सांगून दोन चुडे आणवले होते. माझा हिरवागार, लेकीचा हिरव्यावर सोनेरी ठिपक्यांचा.

त्या सकाळी घरचं कार्य टाकून खाला आधी आमच्याकडे आली. काकणं वाटेत तडकू नयेत म्हणून ती गोधडीत गुंडाळून आणायची. ते गाठोडं तिनं मांडवात ठेवलं आणि हात धुवायला गेली. तेवढ्यात मामा आले. मामांचं वजन हा आमच्या घरातला जुना विनोद. मामांनी इकडेतिकडे पाहिलं, बसायला गोधडी मांडलेली दिसली, आणि ते बसले.

आत्या किंचाळली, "फुटली गं बाई, फुटली!" काकणं फुटली म्हणू नये, वाढली म्हणावं, याचंही तिला भान राहिलं नाही. मामा बिचारे उठायलाही घाबरत होते. आई मटकन खाली बसली. हिरव्या चुड्याशिवाय मुलगी बोहल्यावर कशी उभी करायची? वालूरकडच्यांना काय सांगायचं? मला तर रडूच कोसळलं.

खालानं मामांना उठवून गोधडी उलगडली. एकही काकण धड उरलं नव्हतं. दुसरा चुडा तिच्या घरात आहे हे तिला ठाऊक होतं, मलाही ठाऊक होतं. पण तो तिचा नव्हता, लेकीचा होता. स्वतःचं द्यायला तिला कधी क्षण लागला नाही. लेकीचं कसं देणार?

"येते," एवढंच म्हणून ती गेली.

परत आली ती रडत, हसत. पदरात सोनेरी ठिपक्यांचा चुडा.

"म्या मागितलं न्हाई गं. काय झालं ते नुसतं सांगितलं. हळदीच्या हातानं तिनंच पुडकं म्होरं केलं. म्हणली, अम्मी, ती तिकडं रडायलीय आन तू हितं काय करायलीस?"

लेकीला तिनं स्वतःच्या हातातल्या बांगड्या काढून घातल्या. त्या इतक्या सैल, की निकाहाला नवरी हात वर धरूनच बसली. आई घाईघाईनं आहेर देऊन आली, ती हसतच. पाहुण्या बायकांना वाटलं होतं, पोरगी केवढी दुआ मागतेय! आणि नवरीला हसू आवरत नव्हतं म्हणे.

लग्नानंतर माहेरी आले की मी आधी खालाकडे धावायची. ती मला ओसरीवर बसवून ठेवायची. माझ्यामागून आलेल्या बायका काकणं भरून निघून जायच्या, मी आपली बसलेलीच. एकदा मी चिडले. "खाला, पहिली मी आलेय ना?"

"तू काय गिऱ्हाईक हायेस का आता? लेकीचा चुडा घातलास, लेक झालीस. घरच्यांनी शेवटी बसायचं." असं म्हणून तिनं काचेचे तुकडे झाडायला माझ्याच हाती केरसुणी दिली. मी अंगण झाडलं, आणि खरं सांगते, सासरी मला कुणी पाटावर बसवलं तेव्हाही इतकं सुख झालं नव्हतं.

खाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. परभणीच्या दुकानात गेले की माझे पिकलेले केस बघून माणसं लगबगीनं जागा करतात. बांगड्या झटपट भरून होतात. मला कुणी ताटकळत ठेवत नाही, आणि दुकानाची पायरी उतरताना फार परकं वाटतं.