दाजींचं गाळलेलं पाणी

पाण्याशी इतक्या सलगीने वागणारा माणूस आमच्या दाजींच्या आधी पवनेच्या काठावर झाला नसेल, आणि नंतर तर नाहीच नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे चाकणजवळच्या खेड्यातले शेतकरी. पण स्वातंत्र्यानंतर पिंपरीला कारखाने उभे राहू लागले तेव्हा त्यांतल्या एकात बॉयलरवर लागले आणि कंपनीच्या चाळीत दोन खोल्यांत राहू लागले. मी त्याच कारखान्यात कारकून झालो आणि लग्न होईपर्यंत अक्काच्या हातचं जेवलो, म्हणून हे सगळं डोळ्यांदेखतचं आहे. कुणाच्याही घरी गेलं की दाजी पाण्याचा पहिला घोट तोंडात धरून डोळे मिटत, आणि ते उघडेपर्यंत यजमानाचा जीव टांगणीला लागलेला असे. एका लग्नात त्यांनी असाच घोट घेऊन जाहीर केलं, "ह्या हिरीत कासव हाय." दोन माणसं विहिरीत डोकावून आली. कासव होतं. माझ्या चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला गेलो तेव्हा सगळं जमत आलेलं, मुलगा शिकलेला, घर खाऊनपिऊन सुखी. दाजींनी तांब्या खाली ठेवला आणि गंभीरपणे म्हणाले, "पोरगा चांगला हाय, पन पाणी जड हाय. आपल्या पोरीची डाळ हितं उभ्या जल्मात शिजायची न्हाई." ते खरोखरीच्या तुरीच्या डाळीबद्दल बोलत होते. मुलाच्या वडिलांनी त्याचा वेगळाच अर्थ घेतला आणि आम्ही चहा न घेता परतलो.

या वेडाचं मूळ बॉयलरमध्ये होतं. जड पाण्याने बॉयलरच्या आत पुटं चढतात, म्हणून त्याच्या पाण्याची रोज तपासणी होई आणि साहेब जातीने चौकशी करी. "चाळीतल्या नळाचं पाणी मातुर कुणी बघत न्हाई," दाजी म्हणत. "बॉयलर फुटला तर आवाज हुतो ना राव. मानूस गपचिप मरतो." तेव्हा चाळीच्या पाण्याचा कारभार त्यांनी आपणहून अंगावर घेतला. घरी घडवंचीवर एकावर एक तीन मडकी मांडली: वरच्यात नदीची धुतलेली वाळू, मधल्यात कुटलेला कोळसा, आणि खालच्यात थेंबथेंब उतरणारं नितळ पाणी. अक्का म्हणायची, "लोकास्नी एक सवत असती. मला तीन हायेत, एकमेकींच्या डोस्क्यावर बसल्याल्या." मग शेजारपाजारचे लोक यायला लागले. दाजी नळाचं पाणी बाटलीत घेऊन उन्हात धरत, हलवत, हुंगत, आणि एखाद्या वैद्यासारखे उपाय सांगत. नळाच्या शेवटच्या टोकाला ज्यांच्याकडे गढूळ पाणी येई, त्यांना आधी तुरटी आणि मग वाळूचा दुप्पट थर. ज्यांच्या पाण्याला वास असे त्यांना कोळसा जास्त. मडक्यांना भोकंही स्वतः पाडून देत. पुढेपुढे तर चाळीत नवं बिऱ्हाड आलं की सामान लावायच्या आधी दाजी बाटली घेऊन दारात हजर असत.

एका हिवाळ्यात चाळीमागे नवं गटार खणलं गेलं आणि थोड्याच दिवसांत नळाच्या पाण्याला वास येऊ लागला. लोकांनी ऑफिसात तक्रार दिली, ऑफिसने ती ठेवून घेतली. दाजींनी तीन दिवस खपून घरोघरच्या मडक्यांत कोळशाचा थर वाढवला, तो बारीक कुटला, आणि वास गेला. सगळ्या चाळीने त्यांचं कौतुक केलं. आमच्या शेजारच्या खोलीत कोकणातले सावंत राहत. त्यांची बायको सुमन पहिलटकरीण होती आणि त्या वासाने तिच्या पोटात काही ठरत नव्हतं. दाजींनी तिला नवी मडकी मांडून दिली. तिने विचारलं, "दाजी, आई म्हणते पाणी उकळून पी. पण उकळलेलं मला प्यायलाच होत नाही हो. मळमळतं." दाजी म्हणाले, "मग नगो उकळूस पोरी. माझ्या मडक्यातनं आल्यालं पाणी हाय त्ये." मी तिथेच उभा होतो. मलाही त्यात वावगं काही वाटलं नाही.

महिना-दीड महिन्याने चाळीत एकेकाचे डोळे पिवळे दिसायला लागले. पुरुष माणसं अंथरुणाला खिळली आणि हळूहळू उठली. सुमनला आठवा लागला होता, तिलाही कावीळ झाली. कंपनीच्या लॉरीतून तिला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. चौथ्या दिवशी ती गेली, पोटातलं मूलही गेलं.

त्यानंतर कंपनीचे डॉक्टर चाळीत आले. दाजींनी त्यांना आपली मडकी दाखवली आणि विचारलं, "ह्यातनं गाळून घेतलं तरी?" डॉक्टर म्हणाले, "कोळसा वास काढतो. काविळीचं विष त्यातून सरळ खाली उतरतं. पाणी खळखळ उकळायलाच हवं होतं."

दाजींनी वरचं मडकं उतरवून मधल्यातला कोळसा हुंगला. मग म्हणाले, "म्हंजी वास ह्योच एक इशारा व्हता. त्यो मी काढून टाकला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि कुदळ घेऊन नळाच्या पाइपाच्या कडेने खणत गेले. दुपारपर्यंत फुटलेला सांधा सापडला; त्या जागी पाइप गटाराच्या घाणीत बुडालेला होता. साहेबाला तिथवर आणून दाखवल्याशिवाय ते हलले नाहीत, आणि आठवड्यात पाइप बदलला गेला. मग ते घरोघर गेले. "मडकी ऱ्हाऊ द्या, गढूळ पाण्याला चांगली हायेत. पन गाळल्यावर पाणी उकळून प्या. मी चुकीचं सांगितलं व्हतं." प्रत्येक दारात तेच वाक्य, त्याच आवाजात. कुणी त्यांची समजूत घातली. एका बाईने दार लावून घेतलं. घरी ताटावर बसले तेव्हा अक्काला म्हणाले, "बॉयलरवर दिसभर पाणीच उकळतो की गं मी."

दाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांची आठवण निघाली की घरातली मंडळी हसण्यासारख्या गोष्टी सांगतात, आणि मीही सांगतो. पण एकटा असलो की मला सावंत गावी निघाले तो दिवस आठवतो. सुमन गेल्यापासून ते आमच्याशी एक शब्द बोलले नव्हते. नोकरी सोडून ट्रंक घेऊन निघाले, आणि आमच्या दारात थांबले.

"दाजी, पाणी द्या."

अक्का उठत होती, तिला दाजींनी थांबवलं. स्वतः शेगडी पेटवली, पाणी उकळलं, आणि या भांड्यातून त्या भांड्यात ओतत निववत बसले. सावंतांच्या गाडीची वेळ होत आली होती, तरी ते ट्रंकेवर बसून राहिले. पाणी निवल्यावर त्यांनी ते सावकाश पिऊन संपवलं. दाजींनी ट्रंक डोक्यावर घेतली आणि दोघं स्टेशनकडे गेले.

संध्याकाळी दाजी परतले तेव्हा अक्काने विचारलं, "काय बोललं का त्ये?"

"न्हाई," दाजी म्हणाले. "गाडी गेली व्हती. दुसरीला दोन तास व्हते. माझ्याशेजारी बसला व्हता."