रुद्रम्माची मूठ

भाकरीचं पीठ परातीत घेतलं की रुद्रम्मा त्यातली एक मूठ परत काढायची, चुलीजवळच्या मडक्यात टाकायची आणि मगच पाणी घालायची. निंबर्ग्यात पुष्कळ घरी अशी मडकी होती. सोमवारी ती रिकामी करत रुद्रम्मा घरोघर फिरायची, पिठाचं पोतं मोटारीच्या टपावर टाकायची आणि आळंदच्या बोर्डिंगात पोचवायची. आईबाप नसलेली मुलं तिथं राहून शाळा शिकत. गावोगावच्या मुठींवरच त्यांच्या भाकरी होत.

त्यांच्यातच ईरम्मा होती. तिचे आईबाप पटकीनं गेले तेव्हा शेजारच्या रुद्रम्मानं तिला घरी आणलं. रुद्रम्मा विधवा, पोटी मूल नाही. पोर तिच्या कुशीत वाढली. पण गावातली शाळा चौथीला संपली, आणि पुढं शिकायचं तर बोर्डिंगशिवाय वाट नव्हती.

बोर्डिंगाचे नवे चिटणीस पुण्याकडून आलेले. माणूस सज्जन, पण कडक. घरी आई असताना पोरका म्हणून आणून सोडलेला एक मुलगा त्यांनी नुकताच परत पाठवला होता. त्यांच्यासमोरच रुद्रम्मा पोतं उतरवत होती, आणि ईरम्मा "अव्वा!" म्हणत धावत येऊन तिच्या कमरेला बिलगली.

त्या भागात वडीलधारी कुठलीही बाई अव्वाच. चिटणिसांना कानडी बेताचंच यायचं. अव्वा म्हणजे आई, एवढं मात्र ठाऊक होतं. हिला आई आहे तर ही इथं कशी, असं त्यांनी विचारलं. रुद्रम्मा सांगायला लागली आणि अडखळली. आपण हिची कोण, हे तिचं तिलाच धड सांगता येईना. चिटणिसांनी पोरीची ट्रंक बाहेर आणायला लावली.

तेव्हा रुद्रम्मानं कमरेवरचे हात सोडवले.

"मी हिची कुणी न्हाई, साहेब. पीठ आणून टाकते, तेवढंच. सगळ्या बायांला अव्वाच म्हनती ती."

ट्रंक आत गेली. ईरम्मा हात तसेच पुढं धरून उभी राहिली. त्या दिवसापासून तिनं रुद्रम्माला नावानंच हाक मारली.

रुद्रम्माला मग घर थारा देईना. जेवताना उठायची, दार उघडून बघायची, परसात जाऊन कशाला आलो ते विसरायची.

"कामून चकरा मारायलीस गं?" शेजारची मल्लम्मा टोमणा मारायची. "गेलेला नवरा येनाराय काय?"

रुद्रम्मा हसायची आणि पुन्हा दाराशी जायची. खरं काय ते पोरीला सांगावं, असं दर सोमवारी वाटायचं. पण पोर ऐकून पुन्हा बिलगली तर? शाळा संपेपर्यंत ती गप्प राहिली, आणि संपल्यावर कुठून सुरुवात करावी ते कळेना.

ईरम्मा हुमनाबादेत शिक्षिका झाली. म्हातारपणी रुद्रम्माला तिनं आपल्याकडं नेलं. तिथंही दाराशी फेऱ्या चालूच.

रुद्रम्मा गेली त्या सकाळी तिला खाटेवरून उठवत नव्हतं. परात पुढं घेऊन बसलेल्या ईरम्मानं मान वर न करता विचारलं, "अव्वा, चहा घेतीस?"

रुद्रम्माची नजर आधी दाराकडं गेली. तिथं कुणी नव्हतं.

"हळू बोल गं," ती म्हणाली. "आन् मूठ काढलीस का?"