मानपत्रात न मावणारे हबीब सर

कुठलाही समारंभ असो, हबीब सर शेवटच्या रांगेत, दाराजवळच्या खुर्चीवर बसत आणि डोळे मिटून घेत. पाहणाऱ्याला वाटे, मास्तरांना झोप लागली. शेजारी बसलेल्याला मात्र त्यांचे ओठ हलताना दिसत. मी नोकरीला लागलो त्याच आठवड्यात शाळेत कुणा पाहुण्यांचा सत्कार होता आणि मला नेमकी त्यांच्या शेजारची खुर्ची मिळाली. पाहुणे बोलायला उभे राहिले. हबीब सर डोळे न उघडताच पुटपुटले, "आता म्हणतील, मी काही वक्ता नाही."

"मी काही वक्ता नाही," पाहुणे म्हणाले.

"मंग म्हणतील, तरी पण दोन शब्द."

पाहुण्यांनी तेही म्हटलं. "आता पाणी पितील," असं सर म्हणाले आणि पाहुण्यांचा हात खरोखरच तांब्याकडे गेला, तेव्हा मी फसकन हसलो. व्यासपीठावरून हेडमास्तर देशमुख सरांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, की लागलेली नोकरी सुटते की काय, असं मला वाटलं. हबीब सर आपले गाढ झोपलेलेच होते.

ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी भोकरदनकडच्या धावड्याचा, बौद्ध कुटुंबातला. घराण्यातला पहिलाच मास्तर, त्यामुळे जगात सगळं गंभीरपणे घ्यायचं असतं अशी माझी समजूत होती. जालन्यात मस्तगडाला खोली घेतली, तर हबीब सरांचं घर गल्लीच्या टोकालाच निघालं. शाळेला जाता-येता आमची सोबत सुरू झाली आणि माझ्या गंभीरपणाचे दिवस भरले. सर मराठी शिकवत. घरी उर्दू, वर्गात मराठी आणि बाजारात दोन्हीची खिचडी. एका पालकाने एकदा विचारलं की तुम्ही मराठी कसं काय शिकवता? सर म्हणाले, "तुमाला ती फुकट भेटली. मी मेहनत करून घेतली. मंग सांभाळून कोण वापरंल?"

गावात त्यांची खरी ख्याती होती ती मानपत्रांसाठी. कुणी निवृत्त होवो, कुणाची बदली होवो, कुणी निवडून येवो, मानपत्र हबीब सरांचंच. लग्नाची मंगलाष्टकंही तेच रचून देत, वृत्तात एक मात्रा इकडची तिकडे न होता. लोक घरी येत, ओट्यावर बसत. सर पहिला प्रश्न ठरलेला विचारत, "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे."

"ते तर मी लिहिणारच. खरा कसा आहे?"

मग समोरचा जरा इकडेतिकडे पाही, खुर्ची पुढे ओढी आणि सुरू होई. चहा दोनदा होई. माणूस गेला की सर मला म्हणत, "साळवे, चांगला माणूस मानपत्रात बसून जातो. खरा बाहेर राहतो. त्याला असा रस्त्यावर कसा सोडायचा?" तो बाहेर राहिलेला माणूस मग त्यांच्या कवितेत नाहीतर गोष्टीत राहायला जाई. हारांबद्दल ते म्हणत, "हार घातला की माणूस मान खाली घालतो. लोकायला वाटतं विनय. अरे, वजन असतं त्याचं!" आणि जगाबद्दल म्हणत, "खरं बोलणारा एकच राह्यला होता, मोंढ्यातला धान्य तोलायचा काटा. त्यालाबी आता संगत लागून राह्यली."

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतर आम्ही दोघातिघांनी हट्ट करून त्यांच्या कवितांचं आणि गोष्टींचं पुस्तक छापायला लावलं. वहीच्या पाठकोऱ्या कागदांवर, पत्रिकांच्या मागे, जिथे सापडलं तिथून ते गोळा केलं. नाव त्यांनीच ठेवलं, 'नाइलाजास्तव'. प्रस्तावनाही त्यांचीच, दोन वाक्यांची: 'या पुस्तकात कुणाला आपण दिसलो, तर त्याने ते दुसऱ्या कुणाबद्दल आहे असे समजावे. त्या दुसऱ्यानेही तेच समजावे.' पहिलंच पान उघडलं की ही कविता:

सत्कार झाला, शाल मिळाली,
नारळ मिळाला, हार;
घरी विचारले, 'कशाबद्दल हो?'
तेवढे विसरलो पार.

पण पुस्तक गाजलं ते 'शाल' नावाच्या गोष्टीने. गोष्टीत एक हेडमास्तर आहेत. त्यांचे इतके सत्कार होतात, की घरात शालींची चळत लागलेली. मग कुणाचाही सत्कार आला की ते आपल्याला मिळालेली शाल, घडी न मोडता, पुढच्याला घालतात. तो त्याच्या पुढच्याला घालतो. शाल साऱ्या तालुक्यात फिरते, भर मे महिन्यात घामेजलेल्या खांद्यांवर चढते, उतरते आणि शेवटी हेडमास्तरांच्याच निरोप समारंभात त्यांच्याच अंगावर परत येते. गोष्टीचं शेवटचं वाक्य होतं, 'माणसे घरी जातात, शाल फिरत राहते.' हे हेडमास्तर तपकीर ओढतात, हे वाचल्यावर तर आमच्या गावात कुणाला काही विचारायचं उरलं नाही. देशमुख सर दिवाळी ते होळी एक करडी लोकरी शाल पांघरून शाळेत येत आणि तपकीर अशी ओढत, की ती शाल शेजारून गेली तरी मुलं शिंकत.

देशमुख सर काय म्हणतात, याची सगळी शाळा वाट पाहत होती. ते काहीच म्हणाले नाहीत. हबीब सरांच्या नमस्काराला नमस्कार करत राहिले, तेवढंच.

बाकी गावाने मात्र ते पुस्तक डोक्यावर घेतलं. नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एका स्टेशनरीच्या दुकानात ते ठेवलं होतं. लोक दुकानात उभ्याउभ्या वाचत, त्यात शेजारी सापडला की खूश होत आणि आपण स्वतः सापडलो की अजून एक प्रत नेत. मस्तगडावरचे कापडाचे दुकानदार तर एक दिवस तणतणत सरांच्या ओट्यावर आले. मला वाटलं, आता भांडण. ते म्हणाले, "मास्तर, इतक्या वर्षांचा शेजार आपला. सगळ्या गल्लीचं लिहिलं. आमचं एक अक्षर न्हाई? आमी इतके काय वाईट आहोत?" सरांनी त्यांना पुढच्या पुस्तकात घ्यायचं कबूल केलं, तेव्हा ते चहा पिऊन गेले.

धावड्याला मी एक प्रत नेली होती. माझ्या वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवली. एका गोष्टीत प्रत्येक भांडण मिटवायला जाऊन ते वाढवून येणारे एक गृहस्थ आहेत. वडील डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले आणि मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "पर आपल्या गावचा पाटील ह्या मास्तराला कसा म्हाईत? ते कधी धावड्याला आल्ते का?" सर कधीच आले नव्हते. जालन्याला परतल्यावर मी हे सांगितलं, तर सरांनी मला तेच पुन्हा सांगायला लावलं. मग हळूच विचारलं, "आन लिहिणाऱ्याबद्दल काही म्हणले?"

वडील लिहिणाऱ्याबद्दल काही म्हणाले नव्हते. कुणीच म्हणत नसे. त्या दिवसापासून मला ते दिसायला लागलं. सर संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून स्टेशनकडे निघत आणि त्या दुकानासमोर त्यांच्या चपलेत हटकून खडा जाई. दुकानात कुणी पुस्तक चाळत असेल, तर खडा निघायला फार वेळ लागे. भेटणारा प्रत्येक माणूस हसत सांगे, "सर, त्या अमक्याला काय धरलंय तुमी!" तमुक गोष्ट चांगली लिहिलीय, असं तोंडावर म्हणायची मात्र कुणाची छाती नव्हती. कौतुकाची सगळी वाक्यं सरांनी त्या दाराजवळच्या खुर्चीत बसून आधीच म्हणून टाकलेली. आता त्यांच्यासमोर कोण म्हणणार? दुनियेच्या सत्कारांना हसणाऱ्या या माणसाला एक सत्कार हवा होता, अगदी मनापासून हवा होता, आणि त्याने स्वतःच्या हाताने ती वाट बंद करून टाकली होती. मला त्यांचं हसूही येई आणि वाईटही वाटे.

मग एका डिसेंबरात त्यांची निवृत्ती आली. निरोप समारंभ ठरला. चित्रकलेचे वाघमारे सर मानपत्रावर वेलबुट्टी काढत, म्हणून मानपत्र आणण्याचं काम नेहमी त्यांच्याकडेच असे. मी ओट्यावर बसलेला असताना ते आले आणि सवयीने म्हणाले, "सर, एक मानपत्र पाहिजे होतं. शनिवारपर्यंत."

"कोणाचं?"

"तुमचं," वाघमारे म्हणाले आणि म्हटल्यावर त्यांना कळलं की आपण काय म्हणालो.

हबीब सर खूप हसले. मग चष्मा काढून पुसत बसले. हसण्यापेक्षा पुसणंच जास्त वेळ चाललं. मग त्यांनी ठरलेला प्रश्न विचारला, "माणूस कसा आहे?"

"चांगला आहे," वाघमारे जीव मुठीत धरून म्हणाले.

"ते तर मी लिहिणारच. खरा कसा आहे?"

वाघमाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी चुलीकडे निघालेल्या मांजरीकडे पाहिलं. "बरं, राहू द्या. मी बघतो," सर म्हणाले. वाघमारे गेल्यावर त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "साळवे, आपण लोकायला इतकं भिववून टाकलं का रे?"

समारंभाच्या दिवशी त्यांना पहिल्यांदा व्यासपीठावर बसवलं. दाराजवळच्या खुर्चीवर मी बसलो. देशमुख सर आपली करडी शाल सावरत उठले आणि मानपत्र वाचायला लागले: "आपण इतकी वर्षे शाळेत वेळेवर आलात, याबद्दल शाळेच्या घड्याळाची चौकशी करण्यात येत आहे." सभागृह खदखदलं. व्यासपीठावर हबीब सरांचे डोळे मिटलेले आणि ओठ मानपत्रातल्या शब्दांबरोबर हलत होते. त्यांचंच लिहिलेलं, त्यांना पाठच होतं.

दुसऱ्या वाक्यावर देशमुख सर थांबले. त्यांनी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवला. "हे हबीबमियाँनीच लिहून दिलंय," ते म्हणाले. "फार चांगलं आहे. त्यांनी लिहिलेलं सगळंच चांगलं असतं. पण आज मी माझं बोलतो."

ओठ थांबले. सरांनी डोळे उघडले.

"पुस्तकातला तो हेडमास्तर मीच. वाचून राग आल्ता, खोटं कशाला बोलू? बोलणंच सोडणार होतो. पण रोज संध्याकाळी ते पान काढून बघायचो. मी शाल कशी झटकतो, तपकीर ओढताना तोंड कुणीकडं करतो, खोटं बोलताना कसा खोकतो, सगळं बराबर. माझ्या घरच्यांनाबी इतकं माहीत न्हाई. तवा वाटलं, हबीबमियाँ, आयुष्यात माझ्याकडं इतकं लक्ष देऊन कोणी पाह्यलंच नव्हतं. हसण्यापुरतं पाह्यलं असतं तर इतकं दिसलं नसतं."

 टेबलावर घडी घातलेली नवी शाल ठेवलेली होती. देशमुख सरांनी ती बाजूला सारली. आपल्या अंगावरची करडी शाल काढली आणि हबीब सरांच्या खांद्यावर घातली. "ही वापरलेली आहे. एका कोपऱ्याला चहा सांडलाय. ही कोणाला फिरवता येणार न्हाई. कोणी घेणारच न्हाई."

आता हबीब सर काय बोलतात म्हणून सगळे कान देऊन बसले. या माणसाला आजवर उत्तर सुचलं नाही, असं झालं नव्हतं. सर उभे राहिले, तोंड उघडलं आणि शिंकले. एकदा, दोनदा, शिंकतच राहिले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "तपकीर," एवढाच शब्द ते बोलू शकले. पुढे जन्मभर त्यांनी हीच बाजू लावून धरली, की ते पाणी तपकिरीचं होतं. आम्हीही कधी वाद घातला नाही.

त्यानंतर ती शाल त्यांच्या अंगावरून फारशी उतरली नाही. छातीला थंडी बाधते, असं कारण ते सांगत. मार्चमध्येही तेच सांगत. पुस्तकाची दुसरी आवृत्ती काढायचं निघालं, तेव्हा म्हणाले, "'शाल' काढून टाकू." मी पुष्कळ समजावलं. शेवटी मला बरोबर घेऊन ते देशमुख सरांकडे गेले आणि म्हणाले, "ती गोष्ट आता खोटी पडली. काढतो."

देशमुख सर घाबरेच झाले. "काढू नका," ते म्हणाले. "ती काढली तर मी राहू कुठं?"

गोष्ट राहिली. दुसरी आवृत्ती आलेली पाहायला सर राहिले नाहीत. दशक संपायच्या आतल्या एका एप्रिलमध्ये ते गेले. काही दिवसांनी मी त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्या पत्नीने, भाभींनी, ती करडी शाल नीट घडी करून माझ्या हातात दिली. "साळवे, ये देशमुख साब को वापस देना," त्या म्हणाल्या. "जाने से पहले बोले थे, शाल फिरनी चाहिए, नहीं तो मेरी कहानी का आखिर बिगड़ जाएगा."

शाळेत शोकसभा होती, तिथेच मी देशमुख सरांना ती दिली आणि निरोपही सांगितला. ते आधी हसले. मग शाल नाकाशी धरली. तिला आता तपकिरीचा वास राहिला नव्हता, हबीब सरांच्या अत्तराचा येत होता. बोलण्यासाठी देशमुख सरांचं नाव पुकारलं गेलं, तरी ते व्यासपीठाकडे गेले नाहीत. एप्रिलच्या त्या उकाड्यात शाल अंगाभोवती लपेटून दाराजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले.